‘मॅकार्थरने बांधलं’ म्हणजे नक्की कोणी बांधलं?

आमच्या सिडनीतल्या मराठी ग्रुपवर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात राडा ठरलेला असतो. 26 तारखेला सकाळी आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाचे फोटो, दुपारी ऑस्ट्रेलिया डेच्या (1788 मध्ये इथे ब्रिटिश वसाहत सुरू झाली तो दिवस) बार्बेक्यूचे फोटो, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी कुणालातरी ‘मग परत जा ना’ म्हणून मोकळा झालेला असतो. यंदा ठिणगी पडली ती एका घरावरून. एका काकांनी पॅरामॅटाजवळच्या एलिझाबेथ फार्मच्या व्हरांड्यात उभं राहून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात जुनं घर, जॉन मॅकार्थर यांनी 1793 साली बांधलं, पायोनियर असावेत तर असे.’ युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या एका मुलीने पाचव्या मिनिटाला ठोकलं, ‘चोरीच्या जमिनीवर, कैद्यांच्या जिवावर, एवढं लिहायचं राहिलं काका.’ मग काय, दीडशे मेसेज, ज्या देशाचं मीठ खातो वगैरे, दोन जण ग्रुप सोडून गेले, एक जण परत आला.

मी सगळं वाचलं आणि मला जे वाटलं ते आधीच सांगून टाकतो. भांडण फालतू नाहीये, पण भांडणाऱ्या दोन्ही पार्ट्यांचं एका गोष्टीवर अगदी मस्त एकमत आहे आणि तीच गोष्ट चूक आहे, ती म्हणजे हे घर मॅकार्थरने बांधलं. काकांना ते मॅकार्थरचं म्हणून पुजायचंय, त्या मुलीला ते मॅकार्थरचं म्हणूनच नकोसं झालंय. माझं म्हणणं असं की हे घर जपायलाच पाहिजे, सरकारी पैसे घालून जपायला पाहिजे, पण कुणाचं स्मारक म्हणून नाही, पुरावा म्हणून. आणि पुरावा म्हणून बघायचं तर आधी त्या ‘बांधलं’ या क्रियापदाचा कर्ता कोण ते नीट विचारा.

आधी माणूस समजून घेऊ, कारण ग्रुपवर अर्ध्या लोकांना तो शेतकरी होता असं वाटत होतं. मॅकार्थर प्लिमथजवळच्या एका कापड दुकानदाराचा मुलगा, आर्मीतला लेफ्टनंट, 1790 मध्ये सेकंड फ्लीटबरोबर, म्हणजे ब्रिटनमधल्या कैद्यांना शिक्षा म्हणून इथे आणणाऱ्या दुसऱ्या ताफ्याबरोबर, बायको एलिझाबेथ आणि लहान मुलाला घेऊन सिडनीला आला. हा तोच ताफा ज्यात वाटेतच साधारण पाव हिस्सा कैदी मेले, त्या प्रवासात एलिझाबेथला झालेली मुलगीही वाचली नाही. 1792 च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर फिलिप इंग्लंडला परत गेला आणि कारभार मेजर ग्रोसच्या हातात आला, तो मॅकार्थरच्याच रेजिमेंटचा. दोन-तीन महिन्यांत मॅकार्थरला पॅरामॅटाला 100 एकर जमीन मिळाली आणि वर सरकारी कामांचा इन्स्पेक्टर ही पोस्टही मिळाली. म्हणजे कुठल्या कैद्याने कुठे राबायचं हे बघणारं ऑफिस ज्याच्या हातात, त्यालाच नवी जमीन साफ करून घर उभं करायचं होतं. आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या साहेबाचा बंगला सरकारी सिमेंटमध्ये झाला की आपण काय म्हणतो? तेच इथे म्हणायला हरकत नसावी.

1794 मध्ये त्याने भावाला पत्र लिहिलं. त्यात हिशोब असा की 20 एकर गहू उभा आहे, 80 एकर मका आणि बटाट्यासाठी तयार आहे, 130 शेळ्या, शंभरावर डुकरं, आणि शेताच्या मधोमध मी एक उत्तम विटांचं घर बांधलंय, 68 फूट लांब, 18 फूट रुंद, माडी नाही, चार खोल्या, मोठा हॉल, तळघर, शेजारी किचन आणि नोकरांच्या खोल्या. (1224 स्क्वेअर फूट, म्हणजे आजच्या पुण्यात बिल्डर याला ‘लक्झुरियस टू बीएचके’ म्हणून विकेल.) ‘मी बांधलंय’ हे त्याचे शब्द, आणि सव्वादोनशे वर्षं सगळे तेच कॉपी-पेस्ट करतायत, काका पण.

आता कुणी म्हणेल की अरे भाषाच अशी असते. माझ्या सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर घर ‘बांधलं’, त्यांनी आयुष्यात थापी हातात धरलेली नाही. मान्य आहे, आणि हा मुद्दा वाटतो त्याहून वजनदार आहे, कारण घर उभं राहायला नुसते हात पुरत नाहीत, कुणीतरी ठरवावं लागतं, पैसा लावावा लागतो, पीक बुडालं तर कर्ज अंगावर घ्यावं लागतं, आणि हे सगळं मॅकार्थरने केलं. माणूस भांडखोर होता पण आळशी नक्कीच नव्हता. पण मराठीत याला एक सरळ शब्द आहे ना, ‘बांधून घेतलं’. गवंड्याकडून बांधून घेतलं, सुताराकडून करून घेतलं. आपण रोजच्या बोलण्यात ‘बांधलं’ म्हणतो कारण गवंडी तिथेच असतो, त्याची मजुरी ठरलेली असते, नाही परवडलं तर तो दुसऱ्या साइटवर जातो, आणि वास्तुशांतीला त्याला टॉवेल-टोपी देतात. तो कोण होता हे सगळ्या गल्लीला माहीत असतं, त्यामुळे बोलताना त्याला गाळलं तरी फसवणूक होत नाही. इथे गाळलं की तो कायमचाच गायब होतो.

आणि त्या मुलीच्या पार्टीलाही इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल, कारण ‘कैदी म्हणजे गुलाम’ हे समीकरण इतकं साधं नाही. एलिझाबेथने 1798 मध्ये इंग्लंडमधल्या मैत्रिणीला लिहिलंय की आमच्याकडे बरेचदा तीस-चाळीस माणसं कामाला असतात आणि त्यांना आम्ही दर आठवड्याला पैसे देतो, सरकारच्या खर्चाने पोसलेले फक्त दोघं आहेत, काही जण तर वीस-वीस माणसं तशी उकळतात. काकांच्या पार्टीला हे पत्र सापडलं असतं तर त्यांनी फ्रेम करून टाकलं असतं! पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते घर बांधून पाच वर्षं झाल्यावरचं आहे, आणि 1793 मध्ये ग्रोसने अधिकाऱ्यांना सरकारी कोठारातून पोसलेले कैदी किती सढळ हाताने वाटले हे वसाहतीच्या इतिहासात नीट नोंदलेलं आहे. शिवाय मजुरी दिली म्हणजे कशात दिली? त्या काळात तिथे नाणी जवळपास नव्हतीच, मजुरी चहा, साखर, कापड, दारू असल्या मालात व्हायची, आणि जहाजातून येणारा माल घाऊक घेणारे कोण, तर हेच रेजिमेंटचे अधिकारी. पगार देणारा तो आणि दुकानही त्याचंच. आपल्याकडे सावकाराच्या शेतात राबून त्याच्याच दुकानात उधारी फेडणाऱ्याला कुणी ‘पगारदार’ म्हटलं तर कसं वाटेल?

त्याहून मला खटकतो तो पत्रातला आकडा. तीस-चाळीस. शेळ्या 130, माणसं तीस-चाळीस. शेळ्या तरी मोजलेल्या दिसतात.

‘त्या काळाची मोजपट्टी वेगळी होती, आजच्या नियमांनी जुन्या माणसांना मोजू नका’ हा ग्रुपवरचा सगळ्यात लाडका युक्तिवाद, सात जणांनी सात वेळा टाकला. तत्त्व म्हणून मला तो पटतो. 1793 च्या माणसाने 2020 नंतरच्या विचारांनी वागावं ही अपेक्षा बावळटपणाची आहे. पण मग 1793 च्याच मोजपट्टीने मोजूया की, कोण अडवतंय? मॅकार्थरबद्दल सगळ्यात कडक बोलणारे आजचे प्रोफेसर नाहीत, त्याच्याच काळातले गव्हर्नर आहेत. हंटरचं त्याच्याशी फाटलं. त्यानंतरच्या किंगने 1801 मध्ये त्याला कोर्ट मार्शलसाठी इंग्लंडला पाठवून दिलं, कारण याने आपल्याच कर्नलशी पिस्तुलाचं द्वंद्व केलं होतं, आणि वर लंडनला कळवलं की अर्धी वसाहत याच्या मालकीची झालीच आहे, उरलेली अर्धी व्हायला वेळ लागणार नाही. त्यानंतरचा ब्लाय, तोच तो बाउंटी जहाजावर बंड झालेला कॅप्टन, त्याला तर याच लोकांनी 1808 मध्ये बंदुका रोखून अटक केली, त्यात मॅकार्थर सगळ्यात पुढे. तारीख होती 26 जानेवारी! म्हणजे ज्या तारखेवरून आपण दरवर्षी भांडतो त्याच तारखेला या पायोनियरने सरकार उलथवलं होतं, आणि देशभक्तीच्या मेसेजखाली त्याच्याच व्हरांड्याचा फोटो. माझी खूप करमणूक झाली.

बंडानंतर तो 1809 मध्ये इंग्लंडला गेला, आणि अटकेच्या भीतीने 1817 पर्यंत परतलाच नाही. त्याआधी 1801 ते 1805 तिकडेच. म्हणजे बारा-एक वर्षं हा माणूस घरात नव्हता, आणि नेमकी तीच वर्षं मेरिनो मेंढ्यांची, ज्यांच्या लोकरीवर पुढे अख्ख्या देशाचं पोट भरलं. कळप कोणी सांभाळला, लोकर कोणी जहाजात भरली, हिशोब कोणी ठेवला? एलिझाबेथने. नवरा लंडनहून लांबलचक पत्रं लिहायचा, लोकरीचे नमुने दाखवायचा, मंत्र्यांच्या दारात बसायचा, आणि तेही काम होतंच, मी ते कमी लेखत नाही, बाजारपेठ मिळाली ती त्याच्या चिकाटीमुळे. पण 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने दोन डॉलरची नोट काढली तेव्हा त्यावर मेंढ्याशेजारी चेहरा जॉनचा. 1988 मध्ये ती नोट जाऊन दोन डॉलरचं नाणं आलं, त्यावर एका आदिवासी ज्येष्ठाचा चेहरा आहे. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण त्याच दोन डॉलरवर मॅकार्थर गेला आणि इथला मूळ माणूस आला, आणि आपण ते नाणं रोज ट्रॉलीत घालतो.

इथे एक मोह होतो, मलाही झाला होता, की चला मग, जॉनला काढून एलिझाबेथला बसवा, घराला नाव तिचंच आहे, झालं काम. हल्ली बरेच लेख तसेच लिहिले जातात, दुर्लक्षित नायिका वगैरे. पण याने काय होतं? खुर्ची तीच राहते, फक्त बसणारं बदलतं. एलिझाबेथ हुशार होती, सहनशील होती, म्हातारपणी नवऱ्याचं डोकं फिरल्यावर त्याने तिच्यावर नको नको ते आरोप केले ते तिने सोसलं, सगळं खरं. तरी मेंढ्यांमागे रानोमाळ फिरणारे कैदीच होते आणि ज्या रानात त्या मेंढ्या चरत होत्या ते तिचं नव्हतं.

मग जमिनीकडे येऊ. पॅरामॅटा हे नावच तिथल्या बुरामाटागल आदिवासी लोकांवरून आलंय, नदीतल्या ईल माशांची जागा असा त्याचा अर्थ सांगतात, आणि इथल्या रग्बी टीमचं नाव ईल्स आहे हे माहीत असलेल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांना ते का हे माहीत नसतं. 1789 मध्ये सिडनीच्या आसपास देवीची साथ आली आणि दारुग भाषा बोलणाऱ्या या सगळ्या माणसांमधले किती गेले याचा नुसता अंदाज करायचा, निम्मे किंवा त्याहून जास्त. चार वर्षांनी मॅकार्थरला 100 एकर ‘मोकळी’ जमीन मिळाली. मोकळी कशामुळे झाली होती? आणि पूर्ण मोकळी तर तेव्हाही नव्हती, 1797 च्या मार्चमध्ये पेमुल्वॉय या आदिवासी लढवय्याने पॅरामॅटावरच चाल केली, गोळ्या खाल्ल्या, पकडला गेला, निसटला, आणि 1802 मध्ये मारल्यावर त्याचं शीर इंग्लंडला पाठवलं. याच पेमुल्वॉयच्या मुलाची, जेडबोरोची, मॅकार्थरशी ओळख होती, तो या घरी येऊन राहायचा, आणि 1808 मध्ये, त्या बंडाच्या आधी, मॅकार्थरलाच अटक झाल्याचं कळल्यावर तो भाले घेऊन सिडनीला त्याच्या बाजूने उभा राहायला आला अशी नोंद आहे. बापाला ज्यांनी मारलं त्यांच्यातल्याच एकासाठी मुलगा भाले घेऊन येतो. आता हे कुठल्या पार्टीच्या मेसेजमध्ये बसवायचं? मला विचाराल तर या घराची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि दीडशे मेसेजमध्ये ती एकदाही आली नाही.

त्या मुलीचा मुद्दा म्हणूनच मला अर्धाच मान्य आहे. जमीन विकत घेतली नव्हती, करार नव्हता, आणि ‘ही जमीन कुणाचीच नव्हती’ ही थाप कोर्टाने अधिकृतपणे खोटी ठरवायला 1992 चा माबो खटला यावा लागला. पण पुढे ती जे म्हणाली, की असली घरं जपायचीच कशाला, त्या पैशात दुसरं काही करा, तिथे गाडी घसरते. घर पाडल्याने जमीन दारुग लोकांकडे परत जाणार आहे का? पॅरामॅटात राहणाऱ्याला मी काय सांगायचं, तिथे रिकामा झालेला प्लॉट कुणाकडे जातो ते प्रत्येक खिडकीतून दिसतं. 2021 मध्ये विलो ग्रोव्ह नावाचं एकोणिसाव्या शतकातलं घर नव्या म्युझियमसाठी उतरवलं, लोकांनी निदर्शनं केली, युनियनने काम अडवायचा प्रयत्न केला, तरी उतरवलंच. जुनी वास्तू गेली की तिच्याबरोबर तिचं पाप जात नाही, फक्त ते दाखवायची जागा जाते. सिडनीच्या आसपास चुनखडी नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत चुना काढायचे तो शिंपले भाजून, कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, आणि ते शिंपले यायचे आदिवासींनी हजारो वर्षं मासे-कालवं खाऊन नदीकाठी रचलेल्या ढिगांमधून. वसाहतीच्या भिंती शब्दशः त्यांच्या जेवणाच्या जागांनी चिकटवलेल्या आहेत. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि जुन्या भिंतीसमोर उभं राहून कुणीतरी सांगणं वेगळं.

घर कुणाचं हे नावाच्या पाटीवरून ठरवलं की काय होतं ते बघायचं असेल तर तिथून चालत थोड्याच अंतरावर हॅरिस पार्कमध्ये एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज आहे. आपल्यातले सगळे विग्रम स्ट्रीटला डोसा आणि चाट खायला जातात, या कॉटेजकडे कुणी फिरकत नाही. ही जमीन जेम्स रूस नावाच्या, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कैद्याची. फिलिपने त्याला 1789 मध्ये प्रयोग म्हणून थोडी जमीन दिली, बघू तरी शेती करून पोट भरतोय का, ते जमल्यावर 30 एकर त्याच्या नावावर केले, वसाहतीतली पहिली लँड ग्रँट ती. 1793 मध्ये त्याने ती 40 पौंडांना जॉन हॅरिस नावाच्या मिलिटरी सर्जनला विकली, हॅरिस पार्क ते याच्यावरून. आता लोकांना वाटायचं की कॉटेज त्या सुरुवातीच्याच काळातली, कैद्याने घाम गाळून उभारलेली झोपडी, नॅशनल ट्रस्टने 1961 मध्ये ती विकत घेतली आणि वाचवली. नंतर अभ्यासकांनी नीट तपासल्यावर निघालं की कॉटेज 1835 च्या सुमाराची, बांधून घेतली ती हॅरिसने. रूस तोपर्यंत कधीच दुसरीकडे गेला होता. आणि गंमत म्हणजे हॅरिस त्याआधी नौदलात सर्जन म्हणून भारतात राहून आलेला, त्याची ती बसकी, व्हरांडा असलेली कॉटेज म्हणजे आपलाच बंगला. आपण तिथे जाऊन ‘किती टिपिकल ऑस्ट्रेलियन’ म्हणतो, पण ते ओसरी-पडवीचं घर बघून आपल्या आजीला अजिबात नवल वाटलं नसतं.

ती कॉटेज रूसची नाही हे कळल्यावर ती पाडली का? नाही. पाटी बदलली, गोष्ट बदलली, आणि घर आधीपेक्षा जास्त इंटरेस्टिंग झालं. मी म्हणतोय ते एवढंच. रूसने स्वतः मरायच्या आधी आपला थडग्याचा दगड कोरून ठेवला, स्पेलिंगच्या ढीगभर चुकांसकट, की या वसाहतीत आलो आणि पहिलं धान्य मी पेरलं. कॅम्पबेलटाऊनला तो दगड होता. ‘पहिलं’ यावर दारुग बायकांनी हसावं, नदीकाठी कंदमुळं त्या कधीपासून काढत आणि पुन्हा लावत होत्या. पण निदान एका कैद्याने आपल्या क्रियापदाला आपलं नाव लावून ठेवलं. मॅकार्थरच्या विटा ज्यांनी भाजल्या त्यांना ते जमलं नाही. आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे म्हणून आपण किती हळवे होतो, कारण गड बांधणाऱ्याचं नाव सापडणं ही गोष्टच विरळा. बाकीच्या गडांच्या पाथरवटांचं काय? आणि हा प्रश्न मी फक्त गोऱ्यांना विचारणार नाही, आमच्या गावच्या वाड्याबद्दल मी लहानपणापासून ‘पणजोबांनी बांधला’ असंच ऐकत आलोय, आणि तो बांधणारे गवंडी कुठल्या गावचे, कुठल्या आळीतले, त्यांना त्याच वाड्यात नंतर कुठपर्यंत येऊ देत होते, हे विचारल्यावर घरात एकदम सगळ्यांना चहाची आठवण झाली होती.

एलिझाबेथ फार्म म्युझियम म्हणून चांगलं चालवतात हेही सांगायला पाहिजे. दोऱ्या नाहीत, ‘हात लावू नका’ नाही, फर्निचर जुन्याच्या हुबेहूब नकला आहेत त्यामुळे पोरं खुर्च्यांवर बसतात, पुस्तकं उघडतात. 1904 मध्ये पडायला आलेलं हे घर एका शाळामास्तरच्या कुटुंबाने घेतलं आणि ते लोक 1968 पर्यंत तिथे राहिले म्हणून तर ते शिल्लक आहे. घर कुणी बांधलं हे विचारताना ते कुणी पडू दिलं नाही हेही विचारायला हवं, तो स्वान मास्तर ना पायोनियर होता ना जमीनदार.

तर काका, फोटो ठेवा, छान आलाय, उजेड मस्त पडलाय व्हरांड्यात. फक्त खालची ओळ बदला. मी तुम्हाला ड्राफ्ट देतो: बुरामाटागल लोकांच्या जमिनीवर, देवीच्या साथीनंतर चार वर्षांनी, सरकारी कामांचा इन्स्पेक्टर असलेल्या जॉन मॅकार्थरने, नावं नोंदली न गेलेल्या माणसांकडून 1793 मध्ये बांधून घेतलेलं, एलिझाबेथने चालवलेलं, जेडबोरो जिथे पाहुणा म्हणून राहिला ते, आणि एका मास्तरने वाचवलेलं घर. एवढं कॅप्शनमध्ये मावत नाही म्हणालात तर ‘पायोनियर असावेत तर असे’ काढा, जागा होईल.